हजारपट उजेड, शंभरपट कागद

सप्टेंबरमध्ये पाऊस जरा उघडला की अंजनेरीच्या कड्यावर एकाच नजरेत दोन टोकं दिसतात. कड्याच्या घळीत ओल्या बसाल्टचा काळोख आणि माथ्यावर उन्हात तळपणारा पांढरा ढग. लाइट मीटरनं दोन्हीकडचा उजेड मोजला, तर ढग त्या घळीच्या हजारपट उजळ भरतो, कधी त्याहूनही जास्त. आपल्याला मात्र घळीतले नेचे दिसतात आणि ढगाचे थरही दिसतात, कारण डोळा आळीपाळीनं दोन्हीकडे फिरतो, बाहुली लहानमोठी करतो आणि मेंदू त्यातून एक चित्र जुळवून देतो.

आता हेच दृश्य कागदावर आणायचं आहे. उत्तम फोटो कागदाचा पांढरा भाग त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण ९० टक्के उजेड परत पाठवतो. त्याच कागदाचा सर्वांत गडद काळा भागही एखादा टक्का परत पाठवतोच. म्हणजे कागदाजवळ सगळा मिळून शंभरपटीच्या आसपासचा फरक आहे.

हजारपट उजेड शंभरपटीच्या कागदात बसवायचा कसा? लार्ज फॉरमॅट कॅमेरा, फिल्म धुण्याची (डेव्हलप करण्याची) पद्धत, डार्करूममधला लाल दिवा, ट्रे, एन्लार्जर, या सगळ्याचा अर्थ हा प्रश्न समोर ठेवला की लागत जातो. नाशिकच्या डोंगरांमध्ये, जिथं खडक काळा आणि पावसाळी आकाश लख्ख पांढरं असतं, तिथं तर या प्रश्नाला वळसा घालून जाताच येत नाही.

आधी कॅमेरा. लार्ज फॉरमॅट म्हणजे मोठ्या आकाराची फिल्म, एवढंच. ज्या रोलवर आपल्या घरातले जुने लग्नाचे फोटो काढलेले असतात, त्या ३५ मिलिमीटर फिल्मची एक फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची असते. लार्ज फॉरमॅटमध्ये रोल नसतो, सुट्या शीट असतात. त्यातली सर्रास वापरली जाणारी शीट ४ बाय ५ इंचांची, म्हणजे क्षेत्रफळात ३५ मिलिमीटरच्या साधारण पंधरापट. ८ बाय १० इंचांची शीट जवळपास साठपट. भिंतीवर लावायला १६ बाय २० इंचांची प्रिंट काढायची असेल तर ४ बाय ५ची निगेटिव्ह लांबीरुंदीत चौपट मोठी करावी लागते आणि ३५ मिलिमीटरची सतरापट. निगेटिव्ह जितकी जास्त ताणाल तितके चांदीचे कण उघडे पडतात आणि एका करड्या छटेतून दुसऱ्या छटेत जाताना चित्र खरखरीत होतं. मोठ्या शीटवरून काढलेल्या प्रिंटमध्ये बसाल्टवरचं शेवाळं हाताला लागेल असं वाटतं ते यामुळे.

कॅमेऱ्याची रचना फार जुनी आणि फार साधी आहे. पुढच्या पाटीवर भिंग, मागच्या पाटीवर दुधी काच आणि दोन्हींना जोडणारा कापडी किंवा चामड्याचा भाता. दुधी काचेवर चित्र उलटं पडतं, वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे. बाहेरच्या उजेडात ते दिसत नाही म्हणून डोक्यावर काळं फडकं घ्यायचं. चित्र बारकाईनं लावलं, फोकस भिंगातून तपासला, की दुधी काचेच्या जागी फिल्मची खाचणी (शीट ठेवलेली चपटी बंद पेटी) सरकवायची, तिची सरकती पट्टी ओढायची आणि शटर सोडायचं. आपल्याकडे असे कॅमेरे बाहेरूनच यायचे असं नाही. केरळातल्या आलप्पुळामध्ये के. करुणाकरन यांनी १९४०च्या दशकात ‘वागेश्वरी’ नावाचे लाकडी कॅमेरे बनवायला सुरुवात केली आणि देशभरातल्या स्टुडिओंमध्ये ते पोचले.

भाता लवचीक असल्यामुळे पुढची आणि मागची पाटी एकमेकींना समांतरच राहायला हवी असं बंधन नसतं. हा या कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा गुण आहे असं मला वाटतं, फिल्मच्या आकारापेक्षाही मोठा. हरिहरच्या उभ्या कातळकड्यासमोर साधा कॅमेरा घेऊन उभं राहिलं तर तो वर वळवावा लागतो आणि चित्रात कडा मागे झुकलेला दिसतो. इथं कॅमेरा सरळच ठेवून फक्त भिंगाची पाटी वर सरकवायची. कडा पूर्ण चित्रात येतो आणि सरळ उभा राहतो.

भिंग तिरकं करता येणं त्याहून उपयोगाचं. अंजनेरीच्या पठारावर पायाशी सोनकीची पिवळी फुलं आहेत आणि समोर ब्रह्मगिरी. दोन्ही रेखीव हवेत. साध्या कॅमेऱ्यात फोकसचं प्रतल फिल्मला समांतर उभं असतं, त्यामुळे एक तर फुलं रेखीव नाही तर डोंगर. भिंग किंचित पुढे झुकवलं की ते प्रतल आडवं होत जातं आणि पठाराच्या जमिनीलगत पसरतं. ऑस्ट्रियाच्या सैन्यातले अधिकारी थिओडोर शाइमफ्लुग यांनी १९०४मध्ये याच्याशी संबंधित पेटंट घेतलं, म्हणून हा नियम त्यांच्या नावानं ओळखला जातो. फिल्मचं प्रतल, भिंगाचं प्रतल आणि फोकसचं प्रतल ही तिन्ही वाढवत नेली तर एकाच रेषेत मिळतात, पुस्तकाची उघडी पानं कण्यापाशी मिळावीत तशी. गणित येत नसलं तरी चालतं. पाटी थोडी झुकवायची, दुधी काचेवर फुलं बघायची, डोंगर बघायचा, पुन्हा थोडी झुकवायची.

तरीही भिंगाचं छिद्र लहान करावं लागतंच. ४ बाय ५ साठी साधारण १५० मिलिमीटरचं भिंग नेहमीचं समजलं जातं आणि भिंग जितकं लांब तितकी फोकसची खोली कमी. म्हणून एफ/२२, एफ/३२, कधी एफ/४५ (आकडा जितका मोठा तितकं छिद्र बारीक). अमेरिकेत १९३२मध्ये ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम वगैरे मंडळींनी जो गट स्थापन केला त्याचं नावच ‘एफ/६४’ होतं, म्हणजे अगदी बारीक छिद्र आणि पायथ्यापासून क्षितिजापर्यंत सगळं रेखीव. बारीक छिद्राची किंमत वेळेत मोजावी लागते. दाट ढगाळ हवेत, १०० आयएसओच्या फिल्मवर, एफ/३२ला सेकंदाचा तिसरा हिस्सा शटर उघडं ठेवावं लागतं. रानात झाडांखाली गेलात तर कित्येक सेकंद. तेवढ्यात वारा आला की सोनकी पुसली जाते. शिवाय एका सेकंदाहून जास्त वेळ लागू लागला की फिल्म मंदावते. मीटर दहा सेकंद सांगत असेल तर बहुतेक फिल्मना जवळपास दुप्पट, काहींना त्याहूनही जास्त वेळ द्यावा लागतो.

यावरून हा कॅमेरा कशासाठी नाही तेही कळतं. नांदूरमध्यमेश्वरला, गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या त्या पाणथळीत (२०२०मध्ये तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला, महाराष्ट्रात पहिल्यांदा), पाणी आणि वेतासारखी उंच पाणवनस्पती टिपायला तो उत्तम आहे. पण उडणाऱ्या पाणकोंबडीसाठी तो नेऊ नये. आणि एक कळकळीची विनंती: अंजनेरीच्या पठारावर तिपाई रोवताना आधी खाली बघा. अंजनेरीच्या नावानंच ओळखली जाणारी कंदीलपुष्पाची एक जात तिथं वाढते. मळलेली वाट सोडून एक पाय चुकीच्या जागी रोवला गेला तर त्या फोटोला काही अर्थ उरत नाही.

उजेड मोजणं

फोटोग्राफीत उजेड स्टॉपमध्ये मोजतात. एक स्टॉप वर म्हणजे दुप्पट, एक स्टॉप खाली म्हणजे निम्मा. दहा वेळा दुप्पट केलं की १०२४, म्हणून अंजनेरीचं ते हजारपटीचं दृश्य दहा स्टॉपचं आहे. कागद साडेसहा स्टॉपच्या आसपास. आधुनिक कृष्णधवल फिल्म दहा स्टॉप आरामात झेलते, त्यामुळे खरी अडचण फिल्मनंतरची, कागदाची आहे.

ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या सुमारास यासाठी झोन सिस्टिम बसवली. नाव भारदस्त आहे, कल्पना सरळ आहे: काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे शून्य ते दहा असे टप्पे, म्हणजे झोन, करायचे. शून्य म्हणजे कागदाचा निव्वळ काळा, दहा म्हणजे निव्वळ पांढरा आणि मध्ये पाच नंबरचा करडा. शेजारच्या दोन झोनमध्ये एका स्टॉपचा फरक. मीटरला आपण काय बघतोय ते कळत नाही. त्याला काळा खडक दाखवा की पांढरा ढग, तो ‘हे पाचव्या झोनमध्ये येईल’ असंच एक्स्पोजर सांगतो. कुठली गोष्ट कुठल्या झोनमध्ये हवी ते आपण ठरवायचं.

आकडे घेऊन बघू. घळीतला अगदी आतला काळोख काळाच राहू दे. तिच्या कडेला जिथं खडकाचा पोत दिसायला हवा, तिथं स्पॉट मीटर (दृश्यातल्या लहानशा ठिपक्याचाच उजेड मोजणारा) धरला आणि त्यानं एफ/३२ला पाव सेकंद सांगितलं. तेवढं दिलं तर काळा खडक करडा होईल. मला तो तिसऱ्या झोनमध्ये हवा, म्हणजे गडद पण पोत शाबूत असलेला. म्हणून दोन स्टॉप कमी: एक पंधरांश सेकंद. आता ढगावर मीटर धरला. त्यानं एफ/३२ला एक अडीचशांश सांगितलं. पाव सेकंदापासून तिथपर्यंत सहा स्टॉप होतात, म्हणजे ढग तिसऱ्यापासून सहा वर, नवव्या झोनमध्ये जाऊन पडतो. तिथं कागदावर पोत जवळजवळ उरत नाही. ढग मला आठव्यात हवा.

एक्स्पोजर आणखी कमी केलं तर ढग सुधारेल पण खडक काळोखात बुडेल. सुटका दुसरीकडे आहे: फिल्म धुण्याचा वेळ कमी करायचा.

वेळ कमी केल्यानं ढगच कसा खाली येतो आणि खडक का नाही, हे कळलं की निम्मी विद्या आली. फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे स्फटिक असतात. उजेड लागलेल्या स्फटिकावर चांदीच्या अवघ्या काही अणूंचा ठिपका तयार होतो. तो दिसत नाही. फिल्म धुण्याचं रसायन, म्हणजे डेव्हलपर, अशाच ठिपकेवाल्या स्फटिकांना गाठतो आणि त्यांची पूर्ण चांदी करून टाकतो. खडकाच्या जागी उजेड कमी पडला, म्हणून असे स्फटिक थोडेच. त्यांचं काम पहिल्या काही मिनिटांत उरकतं. ढगाच्या जागी ते खच्चून भरलेले आहेत आणि डेव्हलपरमध्ये फिल्म असेपर्यंत तिथं काळेपणा (निगेटिव्हवर उजळ भाग काळा उमटतो) वाढतच राहतो. म्हणून सावली ठरते शटर दाबताना आणि उजळ भाग ठरतो धुताना. ढग एक झोन खाली आणायला धुण्याचा वेळ साधारण पाचव्या हिश्शानं कमी करायचा. छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये हे जमत नाही, कारण सगळे फोटो एकदमच धुतले जातात. सुट्या शीटची चैन इथं आहे: प्रत्येक दृश्याला त्याच्या उजेडाप्रमाणे वेगळा वेळ.

अंधारातलं रसायन

फिल्म सगळ्या रंगांना प्रतिसाद देते, त्यामुळे ती खाचणीतून काढताना आणि ट्रेमध्ये धुताना पूर्ण अंधार लागतो. शीटच्या कोपऱ्यात बोटांना कळतील अशा खाचा असतात. शीट उभी धरली आणि खाचा वर उजव्या कोपऱ्यात आल्या, की रसायनाचा थर आपल्या तोंडासमोर आहे असं समजायचं.

धुण्याची क्रिया तापमानावर चालते. प्रमाण मानलं जातं २० अंश सेल्सिअस. तिथं दहा मिनिटं लागत असतील तर २४ अंशांना साधारण सात पुरतात. नाशिकच्या थंडीत नळाचं पाणी या कामाला फारच सोयीचं असतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे गेला की टाकीतलं पाणी कोमट येतं, वेळ पाच मिनिटांच्या आत घसरतो आणि फिल्मवर डाग-पट्टे उमटू लागतात, कारण एवढ्या थोड्या वेळात डेव्हलपर सगळीकडे सारखा लागत नाही. उपाय घरगुती आहे. डेव्हलपरचा ट्रे मोठ्या परातीत ठेवायचा आणि परातीच्या पाण्यात बर्फ घालायचा. डेव्हलपरमध्ये कधीच नाही. पुढचं स्टॉप बाथचं (डेव्हलपरचं काम थांबवणारं), हायपोचं (चित्र पक्कं करणारं) आणि विसळण्याचं पाणीही त्याच तापमानाच्या आसपास हवं, नाही तर जिलेटिन एकदम फुगून-आकसून त्याला भेगांची जाळी पडते. बोअरच्या जड पाण्यानं वाळताना फिल्मवर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात, म्हणून शेवटची विसळणी डिस्टिल्ड वॉटरमध्ये.

या कामाचं आणि नाशिक जिल्ह्याचं नातं जुनं आहे. १८७०मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी फोटोग्राफर आणि छपाईतले जाणकार होते. सिनेमा बनवता येतो हे पटवून द्यायला त्यांनी १९१२मध्ये कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी टिपून तिची छोटी फिल्म केली. त्यानंतर दादरच्या घरात कच्च्या फिल्मला छिद्रं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं हे काम सरस्वतीबाई फाळके करत. भारतीय सिनेमाच्या इतिहासात त्यांचं नाव याहून मोठ्या अक्षरांत यायला हवं.

उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ शिक्का असलेला माल एके काळी इथल्या स्टुडिओंमध्ये सहज मिळे. तो कारखाना बंद पडला आणि आता फिल्म-कागद बाहेरून येतो, महाग पडतो. शिकणाऱ्यांनी म्हणून एक्स-रे फिल्मचा विचार जरूर करावा. ती ८ बाय १० इंचांत मिळते, स्वस्त असते आणि लाल उजेडाला आंधळी असल्यामुळे लाल दिव्याखाली डोळ्यांसमोर धुता येते. बहुतेक एक्स-रे फिल्मना दोन्ही बाजूंनी थर असतो, त्यामुळे ओरखडे पटकन पडतात. निळा रंग तिला फार उजळ दिसतो, त्यामुळे निळं आकाश कोरं पांढरं येतं आणि लाल माती काळी. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंमध्ये आकाश रिकामं का असतं, त्याचं उत्तरही हेच. त्या काळच्या काचेच्या प्लेट निळ्या उजेडालाच खऱ्या अर्थानं दाद देत.

कागद

निगेटिव्ह वाळली की एन्लार्जरमध्ये घालायची आणि तिचा प्रकाश खालच्या कागदावर पाडायचा. ८ बाय १०ची असेल तर एन्लार्जरही नको, थेट कागदावर ठेवून वर काच दाबायची. कागद लाल उजेडाला प्रतिसाद देत नाही, म्हणून इथं लाल दिवा चालतो.

पहिला फोटो कधीच पूर्ण कागदावर काढत नाहीत. एक पट्टी घेऊन तिचे भाग पुठ्ठ्यानं झाकत झाकत पाच, दहा, पंधरा, वीस सेकंद उजेड द्यायचा, धुवायची आणि त्यातून वेळ ठरवायचा. मग कॉन्ट्रास्ट. मल्टिग्रेड कागदाला निळा उजेड दिला तर काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढतो, हिरवा दिला तर कमी होतो. एन्लार्जरच्या भिंगाखाली किरमिजी किंवा पिवळ्या छटेचा फिल्टर लावून हे प्रमाण बदलता येतं. दृश्य, फिल्म आणि कागद यांचं माप शेवटी इथं जुळतं.

एवढं करूनही ढग जरा फिकाच राहतो आणि घळ जरा जास्तच काळी. मग हात कामाला लागतात. उजेड चालू असताना तारेच्या टोकाला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा घळीवर हलवत राहायचा, म्हणजे तिथं उजेड कमी पडून ती उजळ राहते. याला डॉजिंग म्हणतात. नंतर बाकीचा कागद झाकून ढगाला जास्तीचे काही सेकंद द्यायचे, ते बर्निंग. ढगाला मऊ (कमी कॉन्ट्रास्टच्या) फिल्टरखाली बर्न केलं तर त्याचे थर हळुवारपणे उमटतात, हे मला सर्वांत आवडणारं काम. पुठ्ठा एका जागी थांबला तर कडा उमटते, म्हणून तो सतत हलता हवा.

हे म्हणजे फोटोत फेरफार, असं काहीजण म्हणतात. मला तसं वाटत नाही. डोळ्यानं घळ आणि ढग दोन्ही पाहिले होते. कागदाला ते एका दमात सांगता येत नाही म्हणून हात मदत करतात. ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र ८ बाय १०च्या कॅमेऱ्यानं टिपला. मीटर हाताशी नव्हता, चंद्राचा उजेड किती असतो ते पाठ होतं, त्यावरून एक्स्पोजर ठरवलं. त्याच एका निगेटिव्हच्या सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश करडं आहे आणि त्यात ढगांच्या पुसट रेघा आहेत. नंतरच्या दशकांतल्या प्रिंटमध्ये ते जवळजवळ काळं झालं आहे. निगेटिव्ह तीच राहिली, चंद्रोदयाबद्दलचं त्यांचं म्हणणं गहिरं होत गेलं.

ट्रेमध्ये चित्र उमटायला लागतं तेव्हा नवखे लोक एक गोष्ट हमखास करतात: लाल दिव्याखाली प्रिंट असते त्याहून गडद दिसते, म्हणून घाबरून लवकर बाहेर काढतात. काळा मग मळकट राहतो. ठरलेला वेळ, फायबर (प्लॅस्टिकचा लेप नसलेल्या) कागदाला साधारण दोन मिनिटं, पूर्ण होऊ द्यावा आणि निवाडा हायपोनंतर साध्या दिव्याखाली करावा. फायबर कागद वाळल्यावर आणखी किंचित गडद होतो, त्यामुळे ओली प्रिंट अगदी नेमकी वाटत असेल तर वाळल्यावर ती थोडी जड वाटणार, हे धरून वेळ कमी ठेवावा.

हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, उजेड न लागलेलं सिल्व्हर हॅलाइड विरघळवून काढतो. जॉन हर्शेल यांनी त्याचा हा गुण १८१९मध्ये नोंदवला होता. पण हायपो कागदाच्या तंतूंमध्ये राहिला तर काही वर्षांत प्रिंट पिवळी पडते. प्लॅस्टिकचा लेप असलेला आरसी कागद काही मिनिटांत धुऊन होतो, फायबरला नुसत्या पाण्यात तासभर लागतो. आधी सोडियम सल्फाइटच्या पाण्यात बुडवून घेतलं तर हा वेळ बराच घटतो. टंचाईच्या दिवसांत नळ सोडून ठेवण्यापेक्षा ट्रे भरून, हलवून, ओतून, पुन्हा भरणं बरं, आणि ते कामही चोख होतं.

वापरलेल्या हायपोत विरघळलेली चांदी असते आणि ती पाण्यातल्या जीवांना घातक आहे. तो मोरीत ओतू नका. नाशिकची मोरी शेवटी गोदावरीकडेच जाते. कॅनमध्ये साठवावा. एक्स-रे लॅबमधला जुना हायपो चांदीसाठी विकत घेणारे लोक असतात, त्यांच्याकडे चौकशी करावी. ते जमलं नाही तर त्यात भांडी घासायची लोखंडी वूल टाकून काही दिवस ठेवावी. लोखंड विरघळत जातं, त्याच्या जागी चांदी काळपट गाळ होऊन तळाशी बसते आणि तो गाळ गाळून वेगळा ठेवता येतो.